परसातले झाड आणि सरकारी कोठार

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा हे गाव लागते. आज हे नाव उच्चारले की स्पंज लोखंडाचे कारखाने, धुराडी आणि मालमोटारींच्या रांगा एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु धरसींवा परिसरातील इतर गावांप्रमाणे सिलतराही मुळात भातशेतीचे आणि 'बाऱ्यां'चे गाव. छत्तीसगडी बोलीत घरामागच्या कुंपण घातलेल्या परसाला 'बारी' म्हणतात. तीत मखना म्हणजे तांबडा भोपळा, रखिया म्हणजे कोहळा, कोचई म्हणजे अळू, शिवाय सेमी, जिमीकांदा, तोंडली असे जे जे घराला लागते ते ते पिकते. छत्तीसगड सरकारने २०१९ मध्ये ग्रामसुधारणेची जी योजना आखली, तिच्या घोषवाक्यातही नरवा, गरवा आणि घुरवा यांच्याबरोबर म्हणजे ओढा, गोधन आणि उकिरडा यांच्याबरोबर या बारीला स्थान मिळाले. सरकारी योजना येतात आणि जातात. बारी मात्र त्यांच्या आधीची आहे आणि नंतरचीही.

बारीची विद्या ही पुस्तकी विद्या नव्हे. बी राखेत घोळून का ठेवावे, वेल कोणत्या छपरावर चढवावा, कोणत्या नक्षत्राच्या पावसात लावणी करावी, हे नव्या सुनेला सासू सांगते आणि नव्या शेजाऱ्याला जुना शेजारी सांगतो. सांगताना मूठभर बी पदरात टाकतो. बी आणि बोल ही दोन्ही एकाच हाताने दिली जातात, हा परसबागेचा जुना धर्म आहे. नवागताचे स्वागत करण्याची याहून साधी रीत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस अशा एका झाडाचा विचार करावयाचा आहे, की ज्याच्या बाबतीत हा धर्म कायद्याने मोडला गेला. ते झाड म्हणजे भांगेचे. त्यालाच गांजाचे झाड म्हणतात आणि संस्कृत वैद्यक त्याला विजया म्हणते. त्याच्या सेवनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुधा निषेधाच्या सुरात आणि पुष्कळदा सकारण. त्याच्या लागवडीविषयी, म्हणजे ते लावणाऱ्या हातांविषयी, फारसे कोणी लिहिलेले नाही. आम्हांस त्या हातांचा इतिहास पाहावयाचा आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. हिंदुस्थानात 'हेम्प' या इंग्रजी नावाखाली निदान तीन वनस्पतींची सरमिसळ झालेली आढळते. एक सण किंवा ताग, दुसरी अंबाडी, आणि तिसरी खरी भांग. पैकी अंबाडीची पाने दिसावयास भांगेच्या पानांसारखी, म्हणून लिनीयसने तिच्या शास्त्रीय नावात भांगेचा निर्देश केला. पण तिची भाजी महाराष्ट्रात निर्धास्तपणे रांधली जाते. भांगेला 'कॅनॅबिस सटायव्हा' हे नाव लिनीयसने १७५३ साली दिले, आणि हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून लामार्कने १७८५ मध्ये तिच्या 'इंडिका' या निराळ्या जातीची नोंद केली. ही एक जात की दोन, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ चालला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. पपई लावणाऱ्याला ही अडचण ठाऊक असते. तोंडली आणि परवल लावणाऱ्यालाही असते. मात्र परवलाच्या मळ्यात नराची दोनचार झाडे मुद्दाम राखावी लागतात, नाहीतर फळ धरत नाही. गांजाच्या शेतात याच्या नेमके उलट करावे लागे. नराचा पराग मादीच्या फुलावर पडला की बी धरते आणि राळ उणावते. म्हणून फुलोरा उमलण्यापूर्वीच शेतातील प्रत्येक नर झाड ओळखून उपटून टाकावे लागे. एक झाड नजरेतून सुटले तरी शेताची आणि शेजाऱ्याच्याही शेताची हानी होई. येथे एकट्याचे कसब पुरे पडत नाही. शेजारी अनाडी असेल तर त्याचा तोटा आपल्याला होतो. तेव्हा नव्या माणसाला शहाणे करून सोडणे ही या पिकात केवळ भलाई नसून स्वतःच्या हिताची गोष्ट होती.

नर आणि मादी ओळखणे वाटते तितके सोपे नव्हते. युरोपातील शेतकरी शतकानुशतके धाग्यासाठी हेच झाड लावीत. पण त्यांनी सडपातळ, लवकर सुकणाऱ्या नर झाडाला 'फिम्बल' म्हणजे बाईचे झाड म्हटले, आणि धिप्पाड, बी धरणाऱ्या मादी झाडाला 'कार्ल' म्हणजे पुरुषाचे झाड म्हटले. अंगावरून लिंग ठरवले आणि ते उलटे ठरले. ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने १६९४ मध्ये वनस्पतींना लिंगभेद असतो हे प्रयोगाने दाखवले, तेव्हा त्याच्या प्रयोगांत हे झाडही होते. आणि एकटी ठेवलेली मादी झाडेही थोडेसे बी धरतात हे पाहून तो कोड्यात पडला होता. विद्यापीठातील पंडिताला पडलेले कोडे राजशाहीच्या किंवा निमाडच्या शेतकऱ्याला दर वर्षी शेतात उभे राहून सोडवावे लागे.

बंगालमध्ये या कामासाठी एक खास जाणकारच निर्माण झाला होता. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरील नौगाव भोवतालचा मुलूख 'गांजा महाल' म्हणून प्रसिद्ध होता. तेथे उन्हाळा सरता सरता जमीन तयार करीत, पावसाळ्यात वाफ्यात रोपे वाढवीत, मग ती शेतात लावीत, आणि थंडी पडू लागली की 'पोद्दार' किंवा 'पारखदार' शेतांतून फिरे. सराफ जसा खरेखोटे नाणे पारखतो तसा हा झाडे पारखी. नावही त्याच धंद्यावरून पडलेले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हटले. झाडाचे एखादे पेर वाकवून, कोवळ्या कळीकडे नजर टाकून तो नर झाडे मोडीत जाई. हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये बंगालच्या गांजाची लागवड आणि व्यापार यांवर सविस्तर अहवाल लिहिला. पुढे १८९३ मध्ये डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दुसरा लिहिला. गांजाचे 'चपटा', 'गोल' आणि 'चूर' हे प्रकार, कापलेली झाडे पायांनी तुडवून राळ एकजीव करण्याची रीत, या साऱ्यांची नोंद त्या काळच्या कागदपत्रांत मिळते. तथापि अहवाल वाचून कोणी पोद्दार झाला नाही. ते ज्ञान एका पोद्दाराच्या मागे हिंडणाऱ्या पोराच्या डोळ्यांत उतरे.

आपल्या मराठी मुलखाकडे वळू. मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे प्रमुख ठिकाण अहमदनगर जिल्हा. तेच २०२४ पासून अहिल्यानगर झाले. सातारा, खानदेश आणि सोलापूर या बाजूलाही थोडीफार लागवड असे. मराठी आणि निमाडी यांच्या सीमेवरचा निमाड जिल्हा १८६४ मध्ये मध्यप्रांतात आला. त्याच्या खांडवा तहसिलीत हे पीक नामांकित होते. बंगालप्रमाणे रोपे वाढवून लावण्याऐवजी दख्खनेत आणि निमाडात थेट शेतात पेरणी करीत. पण नर झाडे उपटण्याचा मुख्य नियम सर्वत्र एकच. नगरचा कुणबी, निमाडचा शेतकरी आणि राजशाहीचा मुसलमान रयत यांनी एकमेकांची तोंडे कधी पाहिली नसतील, परंतु तिघांचे शास्त्र एक होते. शास्त्र एवढे दूरवर पसरते ते एखाद्या ग्रंथामुळे नव्हे. साधू, व्यापारी, बैलगाडीवाले आणि सोयरेधायरे यांच्या तोंडून, गावोगावच्या बांधांवरून ते पसरते.

शेताबरोबर परसही होते. आसामात घराभोवती या झाडाची लागवड सर्रास होत असे. ओरिसाच्या मांडलिक संस्थानांतून येणारा 'गडजात' गांजा अबकारी खात्याच्या डोळ्यांत सलत असे. ही गडजात संस्थाने छत्तीसगडच्या पूर्वेला लागूनच होती, आणि संबलपूर तर १९०५ पर्यंत मध्यप्रांताच्या छत्तीसगड विभागातच मोडत होते. म्हणजे ज्या प्रदेशात आम्ही मराठी माणसे भोसल्यांच्या मागोमाग, १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर आणि पुढे बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीत, येऊन स्थिरावलो, त्याच्या एका अंगाला हे झाड जंगलातल्या वस्त्यांत मोकळेपणी वाढत होते, आणि दुसऱ्या अंगाला, पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर खांडव्यात, ते सरकारी पहाऱ्यात उभे होते.

हा पहारा कसा बसला हे समजून घेतले पाहिजे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला. इंग्रज सरकारला दारू आणि अफू यांप्रमाणे गांजातही महसूल दिसला. महसूल घ्यावयाचा तर माल मोजता आला पाहिजे. माल मोजावयाचा तर तो एका जागी पिकला पाहिजे. शंभर गावांच्या हजार परसांत विखुरलेली झाडे कोणता दरोगा मोजणार? म्हणून मध्यप्रांतात ही लागवड आकसत आकसत एकट्या खांडवा तहसिलीत कोंडली गेली. तेथे परवानाधारकाने पीक काढावे, ते सरकारी कोठारात जमा करावे, आणि तेथून परवानाधारक व्यापाऱ्यांनी कर भरून प्रांतभर न्यावे, अशी व्यवस्था झाली. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने असाच बंदोबस्त केला. रायपूरच्या दुकानात चिलीम भरणाऱ्या माणसाचा त्या झाडाशी असलेला संबंध येथे तुटला. तो यापुढे केवळ गिऱ्हाईक उरला.

इतक्यात विलायतेत चक्रे फिरली. विल्यम स्प्रोस्टन केन या मद्यनिषेधाच्या पुरस्कर्त्या सभासदाने मार्च १८९३ मध्ये पार्लमेंटात प्रश्न विचारला, आणि त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. सभासदांत मध्यप्रांताच्या सेवेतील अँड्र्यू फ्रेझर होते, तसेच ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्याचा अहवाल १८९४ मध्ये सात खंडांत निघाला. एका झाडाची आणि ते सेवन करणाऱ्या माणसांची इतकी बारकाईने चौकशी तत्पूर्वी जगात कोठेही झालेली नव्हती.

आयोगाचा निष्कर्ष आजही विद्वानांत उद्धृत होतो. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सर्वस्वी बंदी घालणे आवश्यकही नाही आणि शहाणपणाचेही नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्न मते नोंदवली. पुष्कळ लोक हा निष्कर्ष वाचून थांबतात आणि आयोगाला उदारमतवादी म्हणून गौरवतात. परंतु त्याच अहवालात पुढे जे उपाय सांगितले आहेत ते वाचले म्हणजे चित्र बदलते. पुरेसा कर बसवावा. परवान्यावाचून लागवड होऊ देऊ नये. लागवड एका ठिकाणी केंद्रित करावी. दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी. आणि जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा घालावी. संस्थानांशी बोलणी करून तेथेही असाच बंदोबस्त व्हावा, असेही सुचवले होते.

या पाच उपायांचा अर्थ बारकाईने पाहावा. ओढणाऱ्याला त्यांनी सोडले, लावणाऱ्याला धरले. विकत घेणे वैध राहिले, आणि आपल्या परसात लावणे हा गुन्हा ठरला. व्यसनाची नीती येथे दुय्यम होती. तसे नसते तर दुकान आधी बंद झाले असते आणि परस मागाहून. कर भरलेला गांजा आणि कर न भरलेला गांजा एवढाच भेद सरकारच्या लेखी होता. दोन्ही झाडे एकाच बियांची.

यातून ज्ञानाचे काय झाले, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. परवाना मिळालेल्या मुलखात ते टिकले, इतकेच नव्हे तर संघटित झाले. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन केली. दलालांच्या तावडीतून पीक सुटले, विक्री संस्थेच्या हाती आली, आणि तिच्या उत्पन्नातून शाळा व दवाखाने उभे राहिले. सहकाराच्या इतिहासात प्रवरेच्या साखर कारखान्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे; परंतु त्याच्या कितीतरी आधी बंगालच्या एका कोपऱ्यात, सभ्य समाज ज्याचे नाव घ्यावयास कचरतो अशा पिकाच्या शेतकऱ्यांनी सहकाराचा धडा गिरवला होता. तेथे लागवड पुढेही अनेक दशके चालली आणि बांगलादेशात १९८७ मध्ये ती बंद झाली.

परवान्याच्या बाहेर मात्र ज्ञानाची गती निराळी झाली. ज्याने परसात झाड लावले तो ते लपवू लागला. जो लपवतो तो शेजाऱ्याला बोलावत नाही. आणि ज्याला शेजारी बोलावत नाही, त्याला कोणी चूक दाखवीत नाही. बी देणारा हात आणि बोल देणारे तोंड ही दोन्ही एकाच वेळी मुकी झाली. बंदीमुळे झाड नाहीसे झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. ओरिसाच्या डोंगरांतून येणारा माल आजही छत्तीसगडच्या रस्त्यांवर पकडला जातो. नाहीसा झाला तो उघड्यावर चालणारा शिक्षणाचा व्यवहार. झाड उरले ते चोरट्या व्यापाऱ्याच्या हाती, आणि चोरट्या व्यापाऱ्याला नवागताचे हित पाहण्याचे काही कारण नसते.

या ठिकाणी दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. या झाडाविषयी आपल्या समाजात जी नापसंती होती ती सगळी साहेबाने शिकवलेली नव्हती. ज्या रस्त्यावर सिलतरा आहे, त्याच रस्त्याने पुढे सिमग्याच्या बाजूला दामाखेडा लागते. ते कबीरपंथीयांचे मोठे पीठ आहे आणि नशेपासून दूर राहणे हा त्या पंथाचा आचार आहे. याच छत्तीसगडात गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी, इंग्रजी कायदा येथे रुजण्यापूर्वी, आपल्या अनुयायांना दारू आणि तंबाखू वर्ज्य करण्याचा उपदेश केला. ज्यांना समाजाने खाली ढकलले होते त्यांनी व्यसनमुक्तीला आत्मसन्मानाचे साधन बनवले, ही गोष्ट थोर आहे. पुढे घटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेये आणि अपायकारक द्रव्ये यांच्या बंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य मानले. रामनाथ चोप्रा आणि गुरुबक्षसिंग चोप्रा यांनी १९३९ मध्ये या व्यसनाची वैद्यकीय पाहणी प्रसिद्ध केली, तीतही अतिसेवनाचे दुष्परिणाम नोंदले आहेत. कोवळ्या वयात हे व्यसन लागले तर मनावर होणारा आघात आजचे वैद्यकही मान्य करते. तेव्हा परसातल्या झाडाचा इतिहास लिहिणे म्हणजे चिलमीचे स्तोत्र गाणे नव्हे.

तथापि घासीदासांची वाट आणि अबकारी खात्याची वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे विसरता कामा नये. पहिली माणसाला समजावते आणि दुसरी त्याला मोजते. पहिलीत शेजारी शेजाऱ्याशी बोलतो, दुसरीत शेजारी शेजाऱ्याची खबर देतो.

स्वातंत्र्यानंतरची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९२५ च्या जिनिव्हा करारात या वनस्पतीचा अंतर्भाव झालाच होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने तिला कडक बंधनांत आणले. भारताने त्यास अनुसरून १९८५ मध्ये अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला आणि तो त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याच्या २० व्या कलमान्वये या झाडाच्या बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत अशी की, शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बी या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणून भांग राज्यांच्या अबकारी कायद्यांखाली राहिली. आमच्या राज्यात आज जो 'छत्तीसगड अबकारी कायदा' म्हणून ओळखला जातो, तो मूळचा १९१५ चा मध्यप्रांताचाच कायदा. राज्ये बदलली, राजधानी नागपूरहून भोपाळला आणि भोपाळहून रायपूरला आली, परंतु कायद्याचा सांगाडा तोच राहिला. १९८५ च्या कायद्यातील १४ वे कलम तर धागा, बी किंवा उद्यानविद्या यांसाठी सरकारने परवानगी द्यावी अशी सोयही ठेवते. उद्यानविद्या हा शब्द तेथे बिचारा एकटाच उभा आहे. धाग्याच्या आणि बियांच्या बाजूने मात्र उत्तराखंडाने पुढाकार घेतला, आणि २०१८ पासून अल्प मादकतेच्या जातींच्या लागवडीस तेथे परवाने देण्यात येऊ लागले.

याच सुमारास जगाचे वारे फिरले. उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा करून घरी सहा मादी झाडे लावण्याची आणि पंधरा ते पंचेचाळीस सभासदांची मंडळे स्थापण्याची मुभा दिली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशव्यापी कायद्याने घरटी चार झाडे लावता येऊ लागली, जरी काही प्रांतांनी त्यास अटकाव केला. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडे लावता येतात, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून पाचशे सभासदांपर्यंतची लागवड मंडळे परवान्याने चालवता येतात. या मंडळांनी बी आणि कलमे द्यावीत अशी तरतूद खुद्द कायद्यातच आहे. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना शेजारच्या सज्जात टोमॅटोच्या कुंडीलगत हे झाड दिसले तर आता नवल नाही. तेथील हौशी माणसे एकत्र जमतात, नवख्याला माती, कुंडी आणि ऊन यांविषयी सांगतात, पाणी फार घालू नकोस म्हणून बजावतात, आणि नर झाड कसे ओळखावे हे दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी या वनस्पतीला अतिधोक्याच्या यादीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या नव्या हौशी लोकांत एक शब्द फार प्रचलित आहे. बी न धरलेल्या मादी फुलोऱ्याला ते स्पॅनिश भाषेतून घेतलेल्या 'सिन्सेमिया' या नावाने ओळखतात. त्याचा अर्थ एवढाच, की 'बियांवाचून'. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात हे तंत्र नवलाईचे म्हणून गाजले. पण वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की नौगावचा पोद्दार पेर वाकवून जे पाहत होता आणि खांडव्याचा शेतकरी जी झाडे उपटीत होता, ते हेच तंत्र. शंभर वर्षे आधी ते आमच्या शेतांत रोजच्या कामासारखे चालत होते, आणि १८९४ च्या अहवालात छापलेलेही होते. ज्यांनी ते हातांनी केले त्यांच्या नातवंडांना मात्र त्याचा मागमूसही उरला नाही.

हे केवळ एका बदनाम झाडाच्या बाबतीत घडते असे मानण्याचे कारण नाही. रायपूरलाच याची दुसरी साक्ष आहे, आणि ती आपल्या अन्नाची आहे. डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथील भात संशोधन संस्थेत असताना छत्तीसगड आणि मध्यप्रदेश यांतील भाताचे एकोणीस हजारांहून अधिक देशी वाण गोळा केले. त्यांची थोरवी अशी, की त्यांनी वाणाबरोबर शेतकऱ्याने सांगितलेली त्याची हकीकतही टिपली. कोणता वाण उंच जमिनीत येतो, कोणता पाण्यात उभा राहतो, कोणाचा सुगंध कसा, हे त्यांनी शेतकऱ्याला गुरू मानून ऐकले. तो संग्रह आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केलेला आहे. तथापि कोठारात ठेवलेले बी आणि दर वर्षी पेरले जाणारे बी यांत फरक आहे. कोठारातले बी जसेच्या तसे राहते. शेतातले बी माणसाबरोबर शिकत राहते. भाताचा शेतकरी निदान आपले बी शेजाऱ्याला उघडपणे देऊ शकतो, म्हणून त्याची विद्या क्षीण झाली तरी जिवंत आहे.

सारांश, भांगेच्या झाडाच्या इतिहासात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला प्रश्न नशेचा. त्याचा निर्णय वैद्यक, नीती आणि लोकमत यांनी करावा, आणि आजच्या कायद्याचे पालन प्रत्येक नागरिकाने करावे, याविषयी आमचे दुमत नाही. दुसरा प्रश्न विद्येचा, आणि तो पहिल्याखाली चेंगरून गेला. १८९३ मध्ये अधिकाऱ्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना नाना प्रश्न विचारले. भांग घरोघरी तयार होते का, कोण लावतो, किती लावतो, किती ओढतो. उत्तरे सात खंडांत बांधली गेली, आणि ज्यांनी ती दिली त्यांची परसे बंद झाली. ज्ञान सांगणाऱ्याच्या हातून काढून घेऊन ते कपाटात सुखरूप ठेवल्याचे समाधान मानणे, ही त्या शतकाची खोड होती. ती अजून गेलेली नाही.

नगर, सातारा, खांडवा येथील जुन्या परवानाधारकांच्या घराण्यांत जर एखादी वही, एखादी पावती, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडची आठवण उरली असेल, तर ती लाजेने दडवून ठेवण्यासारखी नाही. ती शेतीच्या इतिहासाचा भाग आहे. अबकारीच्या दप्तरात त्या घराण्यांचा कर लिहिलेला आहे. त्यांचे कसब लिहिण्याचे काम मराठी वाचकांनी आणि लेखकांनी हाती घ्यावयास हवे.